नव्या टायरांतला चिखल

निहार, ईरा,

या पत्रात जे आहे ते माझ्याशिवाय पुरतं एकाच माणसाला माहीत आहे, आणि तो बोलत नाही. तुमच्या आजोबांना मी ते सांगितलं नाही. तुमच्या बाबांनाही नाही. देवापुढे बसतानाही मी हा विषय टाळत आले. बारा वर्षं.

निहार, गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू मोटारींच्या शर्यतीबद्दल सांगत होतास. धो धो पाऊस, निसरडा रस्ता, आणि मागच्या नंबरावरची साधी गाडी घेऊन कोणी एक पोरगेला ड्रायव्हर भल्याभल्यांना मागे टाकून गेला. ईरा म्हणाली, गाडी चांगली असल्याशिवाय काही होत नाही. तू म्हणालास, "कोरड्यात गाडी जिंकते, पावसात ड्रायव्हर जिंकतो. आजी, तूच सांग." मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि कॉल बंद केला.

गॅसवर दूध नव्हतं.

हे पत्र इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. तीस वर्षं तीच भाषा शिकवली मी. पण इंग्रजीत मला वाक्यं फार नीट लिहिता येतात — आणि नीट लिहायला लागले की मी काहीतरी झाकते आहे, हे मला आता कळतं.

नीटनेटकेपणा तुम्ही पाहिलाच आहे माझा. डब्यांवर चिठ्ठ्या, किल्ल्यांना लेबलं, जी वस्तू ज्या कामाला आणली ती त्याच कामाला. तुमचे बाबा चेष्टेने म्हणतात, आईच्या घरात धुळीलासुद्धा जागा ठरवून दिलेली आहे. सगळे हसतात. मीही हसते. पण या नीटनेटकेपणानेच — नाही, असं नको. त्याच्यावर ढकलायला नको. मी केलं.

आपली जुनी हिरवी जीप तुम्हाला आठवते. ती चालवायला विलास होता. बोरी बुद्रुकचा, तिथल्या बुद्धविहाराजवळ त्याचं घर. जुन्नरला शाळेत मी शिकवायचे त्याच वर्गात होता. हुशार नव्हता, पण फळा पुसायला सांगितला तर कोपऱ्यांसकट पुसायचा. पुढे आजोबांकडे ड्रायव्हर म्हणून लागला, तरी मला 'मॅडम'च म्हणत राहिला.

त्या काळात पावसाळ्यात निमगाव सावाच्या बाजूला एका माळावर चिखलातल्या गाड्यांची शर्यत भरायची. आपल्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीचं वेड. त्याच पोरांनी हे काढलं होतं. दोर बांधायचा, झेंडा टाकायचा, सेकंद मोजायचे, आणि भोंग्यावर "भिर्रर्र!" सगळं तसंच. एक रीतही तिकडचीच आली. बैलगाडा पहिला आला की भोंग्यावर मालकाचं नाव पुकारतात. हाकणाऱ्याचं नाही. जीपचंही तसंच झालं. विलासने दोन वर्षं पहिला नंबर आणला आणि दोन्ही वर्षं भोंग्यावर तुमच्या आजोबांचं नाव गाजलं. हार त्यांच्या गळ्यात. विलास बाजूला उभा राहून चाकांतला चिखल काठीने काढत होता.

पण लोकांना डोळे असतात. जीप बाजारातून निघाली की पोरं ओरडायची, "आली आली, विलासची जीप आली!" आजोबांना गंमत वाटायची. मला — मला ते टोचायचं. हे लिहायला मला अर्धा दिवस लागला. आमची जीप, आणि नाव त्याचं? त्याच्या घराण्याचं, त्याच्या वस्तीचं नाव मी मनातसुद्धा उच्चारलं नाही, इतकी मी सुशिक्षित होते. पण टोचायचं ते तिथेच.

तिसऱ्या वर्षी आजोबांनी चार नवे टायर आणले, खोल नक्षीचे, चिखल धरणारे. ते मागच्या खोलीत कुलपात ठेवले होते आणि किल्ली माझ्याकडे. आजोबा विलासला म्हणाले, मॅडमकडून किल्ली घे आणि टायर घाल. आणि ते विसरून गेले; घरातल्या गोष्टी माझ्याकडे दिल्या की झाल्याच, असा त्यांचा भरवसा होता.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी विलास मागच्या दाराशी आला.

"मॅडम, टायर काढून द्या. जुने पार गोटा झालेत. बोट फिरवलं तर रेघ न्हाई लागत."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात आमचा अभय येतोय, मुलांना घेऊन. त्यांना नाणेघाटाकडे न्यायचंय. तेव्हा घालू. आताच चिखलात कशाला घालायचे?"

"पावसात धरायचे न्हाईत वो जुने. लई पानी हाय माळावर."

मग मी जे बोलले ते शब्दाशब्दाने आठवतं. हसून बोलले. "अरे, तुला कशाला हवेत टायर? तुझ्या हातातच सगळं आहे. लोक तर म्हणतात, विलासला नुसतं स्टेअरिंग दिलं तरी पहिला येईल."

तोही हसला. लाजला. मॅडमने कधी नव्हे ती त्याची तारीफ केली होती. "तसं न्हाई वो मॅडम," म्हणाला, थोडा वेळ उभा राहिला, आणि गेला.

निहार, तू मला तेच म्हणालास. पावसात ड्रायव्हर जिंकतो. तू ते कौतुकाने म्हणालास. मी ते एका माणसाला टायर न देण्यासाठी म्हटलं होतं.

आपल्या भावकीतलं कोणी त्या दारात उभं असतं, तर किल्ली दिली असती का? दिली असती.

दुसऱ्या दिवशी मी माळावर होते, छत्री घेऊन, दोराच्या आत खुर्चीवर. पाऊस सरळ रेषेत पडत होता. पहिली फेरी विलासने इतकी हळुवार काढली की मला वाटलं, पाहा, कुठे अडलं टायरावाचून? मनात म्हटलंच तसं. दुसऱ्या फेरीला खालच्या वळणावर जीपचं मागचं अंग सुटलं. चाकं फिरत होती, पण जमीन त्यांना ओळखत नव्हती. जीप आडवी होऊन दोराकडे घसरू लागली. दोरामागे माणसं होती. बायका, खांद्यावर बसलेली पोरं. आणि दुसऱ्या बाजूला शेताचा दगडी बांध.

लोक म्हणतात जीप बांधावर गेली. गेली नाही. नेली. मी बरोबर समोर बसले होते; मी त्याचे हात पाहिले. माणसांकडे निघालेली जीप त्याने ओढून, अक्षरशः अंगाने ओढून, बांधावर घातली. चाक दगडाला लागलं तसं स्टेअरिंग उलटं फिरलं आणि त्याच्या डाव्या मनगटाचा चुरा झाला. दोरामागच्या एकालाही खरचटलं नाही. आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "आरं, पिऊन चालवतोय काय राव!"

तो प्यायला नव्हता. तो पीत नसे.

आजोबा त्याला घेऊन दवाखान्यात गेले. जीपचं नुसतं मडगार्ड चेपलं होतं. पोरांनी ती ओढून आपल्या अंगणात आणून लावली. आणि तेव्हा मला कळलं की आता कोणीतरी टायर पाहणार.

त्या शर्यतीत नियम साधा होता. गाडीत खोट निघाली तर मालकाची गाडी कायमची बंद, ड्रायव्हरचा दोष निघाला तर ड्रायव्हर बंद. शर्यत भरवणारी मंडळी दुसऱ्या दिवशी चौकशीला येणार होती. सकाळी आजोबा पुन्हा दवाखान्यात गेले, तशी मी चौकातल्या पंक्चरवाल्याला बोलावलं. कुलूप काढलं. चारही टायर बदलून घेतले. तो गुडघ्यावर बसून नट आवळता आवळता म्हणाला, "मॅडम, हे काल घालायचं व्हतं ना?" मी म्हटलं, "तू तुझं काम कर." जुने टायर त्याने हातगाडीवर घालून नेले. त्याने गावात सांगितलं नाही — की सांगितलं, आणि गावाने मला सांगितलं नाही?

तो गेल्यावर मी अंगणाच्या कडेला बसले. बादलीत माती कालवली. आणि त्या नव्या टायरांच्या नक्षीत, खाचेखाचेत, बोटांनी चिखल भरला. चारही चाकांत. एकही खाच सोडली नाही. साडीला एक थेंब लागू दिला नाही. मग हात धुतले, बादली धुऊन पालथी घातली आणि चहाचं आधण ठेवलं.

हे करताना माझे हात थरथरत होते, असं लिहावंसं वाटतं. थरथरत नव्हते.

मंडळी आली. पडवीत खुर्च्या मांडल्या. आजोबा विलासला दवाखान्यातून तसंच घेऊन आले. हात गळ्यात बांधलेला, चेहरा राखेसारखा. तो पायरीवर बसला. मंडळी जीप पाहून आली. आजोबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "नवे टायर घातले होते ना?"

किती सोपा प्रश्न होता. दोन अक्षरांचं उत्तर.

मी म्हटलं, "हो. शर्यतीच्या आधीच घातले. टायर उत्तम होते. त्याने जोरात घेतलं वळण."

सगळ्यांनी विलासकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वर्गात एखादं गणित फळ्यावर चुकीचं सुटलं की मुलं बाईंकडे पाहतात ना, तसं — बाई आता दुरुस्त करतील म्हणून. मी चहाचे कप गोळा करायला लागले.

मग तो म्हणाला, "मॅडम म्हनत्यात तसं आसंल."

तो खरं का बोलला नाही? हा प्रश्न मी अनेक वर्षं त्याच्यावर टाकत राहिले, जणू चूक तिथे होती. कोणी ऐकलं असतं त्याचं? पडवीत खुर्च्यांवर कोण बसलं होतं आणि पायरीवर कोण?

आजोबांनी दवाखान्याचं सगळं केलं. लोकांनी त्यांना मोठ्या मनाचे म्हटलं. पण त्यानंतर विलासच्या हातात कोणी गाडी दिली नाही. मंचरला एका शाळेच्या बसवर त्याचं काम ठरत आलं होतं. तिथपर्यंत गोष्ट पोचली. मनगट वाकडंच जुळलं. पण हात बरा असता, तरीही कोणी गाडी दिली नसती. आता तो एका कोल्ड स्टोरेजच्या फाटकावर बसतो, येणाऱ्या गाड्यांसाठी दांडी वर करतो आणि खाली करतो. उजव्या हाताने. मी एसटीने त्या रस्त्याने गेले की दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.

शर्यतीनंतरच्या आठवड्यात तुम्ही आलात. नाणेघाटाच्या रस्त्यावर, पावसात, तुमच्या बाबांनी जीप चालवली आणि म्हणाले, "आई, काय ग्रिप आहे गं!" तुमच्या हॉलमध्ये जो फोटो लावलाय तो त्याच दिवसाचा. निहार चार वर्षांचा, पिवळा रेनकोट, हात पुढच्या टायरावर. दर कॉलला तो तुमच्या पाठीमागे दिसतो. खाचांत चिखल आहे, बघा. त्यातला घाटाचा किती आणि माझ्या बोटांचा किती, मला सांगता येणार नाही.

आजोबा गेले तेव्हाही त्यांच्या मनात होतं की विलासमुळे त्यांची मान खाली गेली. शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले, "पोरगा चांगला होता गं. घाई नडली." मी त्यांची उशी सरळ केली.

निहार, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. त्या दिवशी गाडी वाईट होती, आणि ती मी वाईट ठेवली. ड्रायव्हर चांगला होता. तसल्या टायरांवर, तसल्या पावसात, त्याने निदान वीस माणसं वाचवली आणि त्या बदल्यात आपला हात दिला. त्याचं नाव विलास किसन. भोंग्यावर ते कधी पुकारलं गेलं नाही. इथे लिहिलंय, पण इथे म्हणजे कुठे? हे पत्र विमानाने सातासमुद्रापार जाणार. बोरी इथून तासाभरावर आहे, आणि तिथे मी गेलेले नाही.

बाराही वर्षं एसटी दर तासाला होती.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीच लिहिलं नसतं. पण तुझ्या फोननंतर चार दिवसांनी दाराची कडी वाजली. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, खांद्याला सॅक, भिजलेली ओढणी. "मी सुजाता. विलासची मुलगी." शिष्यवृत्तीचा अर्ज इंग्रजीत लिहिला होता, तो तपासून हवा होता. मी तिला खुर्ची दिली, टॉवेल दिला, चष्मा लावला. अक्षर सुरेख होतं. घरच्या परिस्थितीबद्दलच्या परिच्छेदात तिने लिहिलं होतं की माझे वडील पूर्वी ड्रायव्हर होते. स्वतःच्या चुकीमुळे त्यांचा हात आणि काम दोन्ही गेलं.

लाल पेन माझ्या हातात होतं. समोर ती बसली होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. यापेक्षा सोपी वेळ मला कोणी देणार होतं का?

मी वरच्या परिच्छेदातल्या दोन चुका दुरुस्त केल्या. खाली एक स्वल्पविराम घातला. ते वाक्य तसंच ठेवलं.

तिने अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घातला, पाया पडली. "थँक्यू मॅडम. पप्पा बोल्ले, मॅडमनी बघितलं म्हंजी बरोबरच आसंल."

मी दार लावून घेतलं, आणि तिने ठेवलेला ओला टॉवेल त्याच्या जागी वाळत घातला.