शटरवरची प्रतिज्ञा

आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांची नावं रंगवणाऱ्या पेंटरने स्वतःबद्दल पहिल्यांदा काही लिहिलं ते स्वतःच्या दुकानाच्या शटरवर. पिवळी अक्षरं, त्यांना काळी सावली, कामही अगदी मन लावून केलेलं: ‘या वर्षअखेर मी वेबसाइट बनवायला शिकणार आणि धंदा बदलणार.’

कारण साधं होतं. समोर फ्लेक्सचं दुकान निघालं आणि हाताने रंगवलेली पाटी कुणाला नकोशी झाली. वेबसाइट बनवणाऱ्या ऑफिसात नोकरीला असलेला मेहुणा जेवता जेवता म्हणाला होता की भाऊजी, तुम्ही शिका, साहेबांशी मी बोलतो. मेहुण्याच्या दृष्टीने हे तोंडी लावणं होतं. पेंटरने त्याचं जेवण केलं.

बायकोने त्याच्या पोहण्याची, पहाटेच्या धावण्याची आणि चहा सोडण्याची अखेर जवळून पाहिली होती. तिने सुचवलं, “खडूने लिहा. पुसायला बरं पडेल.” पेंटर दुखावला. चारचौघांत लिहिलं की माघार घेता येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने ऑइलपेंटचा डबा उघडला.

शिकणं सुरू झालं. मेहुण्याने दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर, व्हिडिओतला एक पोरसवदा मास्तर दर दोन वाक्यांनी ‘हे अगदी सोपं आहे’ म्हणायचा आणि पेंटरला दरदरून घाम फुटायचा. कुठेतरी एखादा कंस राहिला की अख्खं पान गायब. त्याच्या धंद्यात अनुस्वार राहिला तरी दुकान वर्षानुवर्षं बिनघोर चालायचं.

तरीही तो चिकटून बसला. अखेर साहेबांनी परीक्षा म्हणून एक पान करून आणायला सांगितलं. पेंटरने सरळ स्टीलची पट्टी काढून स्क्रीनला लावली. डावीकडून इतकं, वरून इतकं, असं मोजून त्याने एकेक ओळ जागच्या जागी ठोकून बसवली. पान असं देखणं झालं की बायको हातातलं काम सोडून बघत राहिली. “तुमच्याच हातचं वाटतंय,” ती म्हणाली. त्या रात्री पेंटरला झकास झोप लागली.

साहेबांनी ते पान आपल्या फोनवर उघडलं. मथळा फोटोच्या डोक्यावर चढून बसला होता आणि पत्ता कडेवरून खाली पडला होता. साहेब भला माणूस. प्रत्येकाचा स्क्रीन वेगळा असतो, तेव्हा अक्षरांनी आपली आपण सरकून जागा करून घ्यायला हवी, असं त्यांनी शांतपणे समजावलं.

“अक्षर आपलं आपण सरकायला लागलं,” पेंटर म्हणाला, “तर मग मी काय करायचं?”

साहेबांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि मेहुण्याने पंख्याकडे. जिन्यात तो हळूच म्हणाला, “भाऊजी, वयही बघायला हवं ना.” नोकरीचा विषय तिथेच संपला.

पण शटर होतंच. ते वर केलं की प्रतिज्ञा गुंडाळली जायची, म्हणून पेंटर गल्लीत सगळ्यात आधी दुकान उघडू लागला आणि सगळ्यात शेवटी बंद करू लागला. गिऱ्हाईक नसलेलं इतकं कष्टाळू दुकान कुणी पाहिलं नसेल. वर्ष संपलं तेव्हा शेजारचा सलूनवाला म्हणाला, “या वर्षअखेर म्हणजे कुठल्या, ते लिहिलं नाहीत हे बाकी बेस केलंत.” पेंटरही हसला. न हसून सांगतो कुणाला?

एका दुपारी डबा घेऊन आलेली बायको जरा घुटमळली.

“समोरच्या फ्लेक्सवाल्याला माणूस हवाय म्हणे. शिडीवर चढून बॅनर बांधायला.”

पेंटरने डब्याचं झाकण लावलं. “सोमवारपासून येतो म्हणावं.”

“आणि अहो, ते शटरवरचं पुसून टाका आता. समोरूनच दिसतं ते.”

ते खरंच होतं. ती गेल्यावर त्याने भर दिवसा शटर खाली ओढलं, पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि ब्रश बुडवला. अक्षरं अजून होती तशी झळकत होती. फक्त ‘शिकणार’मधल्या ‘ण’च्या सावलीचा, रोजच्या उघडझापीने, टवका उडाला होता.

असं उघडं पडलेलं अक्षर त्याला बघवेना. त्याने पांढरा ब्रश पुसून ठेवला, काळ्या रंगाची डबी शोधली आणि श्वास रोखून ‘ण’ची सावली नीट भरून घेतली.

मग रंग वाळेपर्यंत शटर वर करता येईना, म्हणून तो बाहेर पायरीवर बसून राहिला. येणारेजाणारे वाचत होते.