बाटली रिकामी कशी द्यायची?

श्यामलाकाकूंच्या घरातून आजवर एकही भांडं रिकामं परत गेलेलं नाही. कुणी डब्यातून केक पाठवला तर त्याच डब्यातून चिवडा जातो. काहीच नसेल तर निदान चिमूटभर साखर. इंग्लंडातल्या वॉटफर्डमध्ये सगळा संसार झाला, हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झाल्या. थंडीशी, कौन्सिलशी आणि चव नसलेल्या टोमॅटोंशी त्यांनी जुळवून घेतलं. एवढ्या एका गोष्टीत नाही. भांडं रिकामं गेलं की संबंध संपला, असं त्या मनापासून मानतात.

शेजारची मारेत एस्टोनियाची, सारेमा नावाच्या बेटावरची. कमलाकरकाकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती दारात आली ती जाड हिरव्या काचेची, लाकडी बुचाची बाटली घेऊन. आत ब्लॅककरंटचं लिक्युअर होतं आणि बाटली तिच्या आजीची. सोव्हिएत काळात साखर मिळायची मारामार. आजी ती वर्षभर साठवायची, जूनमधल्या सगळ्यात लहान रात्री फळं स्पिरिटमध्ये मुरत घालायची आणि तयार बाटली सॉनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, सरपणामागे लपवायची.

काकूंच्या घरात दारू चालत नाही. कुणी हातानं केलेलं मोरीत ओतणं तर मुळीच चालत नाही. त्यांनी लिक्युअर लोणच्याच्या बरणीत काढलं, बाटली घासली आणि आमसुलाचं सरबत भरून परत दिली.

पुढच्या महिन्यात बाटली पुन्हा आली, शहाजिऱ्याचं लिक्युअर घेऊन. काकूंनी पन्हं दिलं. मग रोवनच्या लाल फळांचं आलं. काकूंकडून आल्याचा रस घातलेलं लिंबू सरबत गेलं. जिन्याखालच्या कपाटात बरण्या वाढत चालल्या. कपाट देवघरासमोरच, म्हणून काकूंनी त्यांच्यावर जुनी शाल पांघरली.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. जेवणानंतर ते शालीखालून दोन चमचे घेत, औषध म्हणून, आणि मग नाट्यगीत सुरू करत.

"अहो, डोलताय तुम्ही."

"अगं, आयुष्यभर लोकांना झोपवलंय. डोस मला कळतो."

असं वर्ष गेलं. आणि परवा मारेतनं सांगितलं की घर विकलंय, शनिवारी ती कायमची एस्टोनियाला निघालीय. "आजीची बाटली केबिन बॅगेतून नेणार. आत पातळ काही चालणार नाही. या वेळी प्लीज रिकामी दे."

काकू बाटली घेऊन काकांकडे आल्या.

"रिकामी कशी देऊ, अहो? मग संपलंच ना सगळं."

"पातळ नको म्हणाली ना? साखर घाल."

काकूंनी पिठीसाखर भरली. काकांनी बाटली उजेडात धरली. "पांढरी पूड? एअरपोर्टवर? थेट आत टाकतील बिचारीला."

मग कसुरी मेथी भरली. काकांनी वास घेतला. "हे तर त्याहून वाईट दिसतंय."

शेवटी शहाजिरं भरलं.

शनिवारी मारेत आली. भरलेली बाटली पाहून ती स्वतःच्या सूटकेसवरच बसली.

"श्यामला, अजून? मी आता थकले गं."

"म्हणजे?"

"आमच्या आजीकडे बाटली परत आली की त्याचा अर्थ एकच. संपलं, पुन्हा भरा. मी हे वर्षातून एकदा करते. ख्रिसमसला बोटभर पेल्यातून घेतो आम्ही. आणि तू दर महिन्याला अख्खी बाटली! फार काळजी वाटायला लागली तुझी. मग हिवाळ्यापासून स्पिरिट घालणंच सोडलं. नुसता फळांचा रस देतेय."

काकूंनी कपाट उघडून शाल ओढली. मारेत बरण्यांकडे बघत राहिली.

"थेंबही नाही घेतलास?"

"आमच्यात घेत नाहीत."

मग दोघींनी काकांकडे पाहिलं.

"रस कुठल्या बरण्यांत आहे?" काकांनी विचारलं.

मारेतनं एक-दोन बरण्या हुंगून पुढची रांग दाखवली. काकांचा चमचा तिथल्याच एका बरणीवर होता.

"म्हणजे हिवाळ्यापासून तुम्ही रसावर डोलताय," काकू म्हणाल्या.

"सूर तर लागत होता ना?"

"आणि माझी सरबतं गं?" काकूंनी मारेतला विचारलं.

"सरबतं? मी सॉस समजून बटाट्यांवर घालत होते."

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. काकूंनी बाटली पुढे केली आणि अर्ध्यात हात थांबवला. "मग हे काढून घेऊ का?"

मारेतनं बाटली घेतली, हलवली. दाणे खुळखुळले. बूच काढून तिनं बराच वेळ वास घेतला आणि परत घट्ट लावलं.

"परत आलीये," ती म्हणाली. "म्हणजे भरून पाठवायला हवी."

"वर्षातून एकदाच हं," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

"आणि रस नको," मागून काका म्हणाले.