सात आणि आठची अदलाबदल

रविवारी सकाळी पांढुर्ण्यात, आमच्याच घरात, माझं डोकं असं फिरलं की अजून जाग्यावर आलेलं नाही. लिहून टाकते, नाहीतर झोप लागायची नाही...

माझ्या बाबांना थंडीत लकवा मारला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. आयुष्यभर पोस्टात पत्रं वाचून कप्प्यांत टाकणारा माणूस, आता 'पाणी' म्हणायला त्यांना घाम फुटतो.

सावरगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी त्यांना एक प्लॅस्टिकचं कोडं दिलं. चौकटीत एक ते पंधरा अंकांचे ठोकळे आणि एक जागा रिकामी... ठोकळे सरकवून अंक ओळीने लावायचे. मॅडम म्हणाल्या, उजव्याच हाताने करू द्या, बोटांत जोर येईल आणि डोकंही चालेल.

सुरुवातीला मलाही जमेना. मग मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले आणि बाबांना शिकवलं. पहिली ओळ आधी, आणि एकदा लागली की तिला हात लावायचा नाही. ओळीतले शेवटचे दोन अंक सुटे सुटे बसवायला जायचं नाही. चार आधी तीनच्या जागी आणायचा, तीन बरोबर त्याच्याखाली, कोपरा रिकामा... मग चार कोपऱ्यात सरकवला की तीन आपोआप वर जातो.

खालच्या दोन ओळी मात्र आडव्या नाही, डावीकडून उभ्या लावत यायच्या. नऊ आणि तेरा, मग दहा आणि चौदा. शेवटी तीन ठोकळे उरतात, ते गोल फिरवायचे. बाबांनी ज्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण केलं, त्या दिवशी आईने शेजारी जाऊन सांगितलं होतं...

आणि मग भेटायला येणारे. संत्री आणतात, बिस्किटं आणतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाबांचं बोट एका ठोकळ्यावर थरथरत असलं की यांना धीरच धरवत नाही. द्या इकडे म्हणत काढून घ्यायचं, फटाफट सरकवायचं, आणि बाबांकडे बघून हसायचं, लहान मुलाकडे बघून हसतात तसं.

मागच्या आठवड्यात सौंसरहून विजूदादा आला. माझ्या आत्याचा मुलगा. मी चहा करत होते, तोवर कोडं त्याच्या हातात. जाताना मोठ्याने सांगून गेला की मामा, वरच्या दोन ओळी लावून दिल्या, आता खालचं तेवढं करा.

तेव्हापासून बाबांचं कोडं सुटेना. सगळं लागायचं आणि शेवटी बारा आधी, अकरा नंतर. मोडायचे, पुन्हा लावायचे... पुन्हा तेच.

शनिवारी त्यांनी कोडं उशीखाली सारलं. डाव्या हाताचं बोट कपाळावर ठेवलं आणि मान हलवली. डोकं गेलं, असं सांगत होते मला. त्यानंतर हाताचा व्यायाम नाही, की एक शब्द बोलायचा प्रयत्न नाही. संध्याकाळी जेवलेसुद्धा नाहीत.

रविवारी मी ते घेऊन बसले. मलाही तेच... बारा, अकरा. आपलीच पद्धत चुकतेय म्हणून सगळं मोडून परत केलं. मग उजेडात धरलं तर सात आणि आठच्या कडेला चाकूचे ओरखडे दिसले.

विजूदादाला फोन लावला. त्याला हसू येत होतं.

"अगं, सात-आठ उलटे बसून राहिले होते. चाकूनं काढले अन् नीट लावून दिले. मामाचं काम सोपं केलं न मी."

नेटवर शोधलं. नुसतं सरकवून फक्त दोनच अंकांची अदलाबदल कधीच होत नाही. दोन ठोकळे असे काढून उलटे बसवले की शेवटी एक जोडी उलटी राहणारच, लावणारा कितीही हुशार असो. म्हणजे जे सुटणारच नव्हतं, ते माझे बाबा आठवडाभर सोडवत होते. आणि दोष स्वतःच्या डोक्याला देत होते.

मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईने फोन काढून घेतला.

मग अकरा आणि बारा उपटून जागेवर बसवले, बाबांसमोरच. काय झालं होतं ते दोनदा समजावलं.  मग बाबांनी कोडं ओढून घेतलं, सगळं मोडलं आणि पहिल्यापासून लावायला लागले.

संध्याकाळी विजूदादा आला. आत्याने पाठवलं असणार. मामा, चुकलं माझं म्हणाला, बाबांच्या शेजारी बसला.  बाबा दुसऱ्या ओळीवर अडकले होते, बोट सारखं घसरत होतं... आणि या माणसाचा हात परत पुढे आला.

बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट धरलं. चेहरा लाल झाला होता.

"ठेव थे... मी करून राहिलो ना."

 विजूदादाने हात मागे घेतला. आई दारात पदर तोंडाला लावून उभी होती. आजारपणानंतर बाबांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं पूर्ण वाक्य होतं.

माझा विजूदादावरचा राग गेलेला नाही, इतक्यात जाणारही नाही. आजारी माणसाला भेटायला जरूर जा, बसा, चहा घ्या... पण त्याच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्याला लागेल तेवढा वेळ लागू द्या.

आणि बाबा चिडले, याचा मला किती आनंद झालाय ते सांगता येत नाही.