उशिरा निघालेला कागद

आमच्या उमरग्याच्या दवाखान्यात प्रिंटर गप्प झाला की लोहाऱ्याहून दुरुस्तीवाले काका येतात. नाव मी कधी विचारलं नाही. प्रिंटरला हात न लावता ते आधी सर्व्हरसमोर बसतात.

"मशीन चांगलंय, सिस्टर. लाईन तुटली की सर्व्हर चालवणारं युनिक्सच त्याला बंद करतंय. मग कुणी चालू करस्तोवर कागद आत साठतेत, वरून कळत न्हाय."

एक ओळ टाइप केली की अडकलेले रिपोर्ट भराभर निघतात. प्रत्येकावर ते पेनानं टाइम लिहितात, लॅबनं कधी पाठवला आणि इथं कधी निघाला. मोठ्या डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं, तरी लिहितात.

परवा चार नंबरच्या खाटेवरच्या बाईचा पोटॅशियमचा रिपोर्ट निघाला. आकडा फार वर गेलेला, हृदय बंद पडावं इतका. बाई तासापूर्वीच वारली होती. काकांनी लिहिलं, पाठवला सव्वानऊ, निघाला दीड.

"मला फोन किती वाजता केलता?"

"बाराला."

तेही लिहिलं.

"अन् बंद दिसला कवा?"

मला तो दहालाच दिसला होता. मी रिपोर्टांची चळत सरळ करत राहिले. काकांनी तेवढी जागा मोकळी सोडली आणि कागद, पेन माझ्यापुढं सरकवलं.