चारशे ग्रॅमचं बाळ

तोळामावशीला हे नाव वस्तीतल्या बायांनी ठेवलं, आणि ते कौतुकाने ठेवलं नव्हतं. संस्थेतर्फे दर महिन्याला पाच वर्षांखालची पोरं तोलायची, आणि ज्याचं वजन तक्त्यावरच्या रेघेच्या खाली त्याला महिन्याची पौष्टिक पाकिटं द्यायची, हे तिचं काम. पोरगं रेघेच्या वर गेलं की पाकीट बंद. मग आई रडो, सासू शिव्या देवो. मावशी तोळाभरही सोडायची नाही. पायातला मोजासुद्धा काढायला लावायची.

तिचा काटा टांगायचा. खाली झोळी, झोळीत पोर. झोळीसकट काटा शून्यावर यावा म्हणून वर एक स्क्रू असतो. तो कुणी फिरवू नये म्हणून मावशीने तीन वर्षांपूर्वी त्याच्यावर लाखेचा ठिपका लावून टाकला होता. तिचा कुणावरच विश्वास नव्हता. स्वतःवर मात्र होता, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

झालं असं की जुनी झोळी विटली, फाटली. संस्थेकडे नवी मागितली, तर अर्ज करा म्हणाले. अर्जाची वाट बघत पोरं काय हवेत तोलायची? मावशीने नवऱ्याची गोदामात घालायची जाड विजार फाडली, चार पदरी झोळी शिवली, वर दोन लोखंडी कड्या लावल्या. "माझ्या विजारीत आता अख्खी वस्ती बसणार," नवरा म्हणाला. बसलीही.

त्या महिन्यात वस्तीतलं एकूण एक पोरगं वाढलं. आजारातून उठलेलंही वाढलं. संस्थेच्या साहेबांनी मावशीला शाल दिली, फोटो काढला, आणि अकरा पोरांची पाकिटं बंद झाली.

त्यातली एक इस्त्रीवालीची मुलगी, अकरा महिन्यांची. ही बाई पोरीला डाव्या कडेवर घेऊन उजव्या हाताने दिवसभर इस्त्री फिरवायची. दुसऱ्या महिन्याच्या वजनाला ती म्हणाली, "मावशी, तुमच्या काट्यावर वाढली असेल. माझ्या कडेवर नाही वाढली. उलट हलकी लागते."

"आईला आपलं पोर बारीकच दिसतं," मावशी म्हणाली. "काटा खोटं बोलत नाही. चल, पुढची कोण?"

इस्त्रीवाली पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. मावशीने पोरीचा आकडा लिहिला. गेल्या महिन्यापेक्षा दोनशे ग्रॅम कमी, पण रेघेच्या वर. म्हणजे पाकीट नाही.

चार दिवसांनी मावशीने झोळी धुतली, वाळवली, आणि काट्याला अडकवून स्वयंपाकघरातल्या खुंटीला टांगली. एरवी ती पोर झोळीत घालून मगच झोळी काट्याच्या हुकाला लावायची. ही नवी झोळी रिकामी काट्यावर पहिल्यांदाच लटकत होती. काटा चारशे ग्रॅमवर उभा होता.

"कुणाला तोलतेस?" नवऱ्याने विचारलं.

"तुमच्या विजारीला," मावशी म्हणाली, आणि स्क्रूवरच्या लाखेला बोट लावलं. तिथलं शून्य जुन्या, हलक्या झोळीचं होतं.

आपण तीन वर्षं लोकांचे मोजे काढत बसलो, याची तिला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने साहेबांच्या खोलीत खिडकीच्या गजाला काटा टांगला, त्याला झोळी लावली. "हे बाळ चारशे ग्रॅमचं. दोन महिने याचंच कौतुक चाललंय."

साहेबांनी काट्याकडे बघितलं, मग दाराकडे. "मावशी, अहवाल वर गेलाय. आता हे उकरून काढू नका. पुढच्या महिन्यापासून नीट लिहा, म्हणजे झालं."

"आणि तोवर पोरांनी काय खायचं? अहवाल?"

साहेब टेबलावरचा कागद सरळ करत बसले. मावशी हलेना. शेवटी त्यांनी अकरा पोरांच्या पाकिटांवर सही केली. मावशीने शालही तिथेच ठेवली. तिची घडी कशी करावी हे साहेबांना कळेना.

दहा दारी तिने चूक सांगितली, बोलणी खाल्ली, पाकिटं दिली. अकरावं दार इस्त्रीवालीचं. पोरगी कडेवरच होती, मान आईच्या खांद्यावर टाकून.

"तुझंच खरं होतं," मावशी म्हणाली. "माझा काटा चुकला. मीच चुकले."

इस्त्रीवालीने इस्त्री उभी ठेवली. ती भांडली नाही. पाकिटांकडेही तिने बघितलं नाही. "घ्या," म्हणाली, आणि पोरगी पुढे केली. "एकदा घेऊन बघा."

मावशीने शेकडो पोरं बगलेत धरून झोळीत घातली होती, पण कडेवर एकही घेतलं नव्हतं. तिने पोरीला कडेवर घेतलं, आणि सवयीने आकडा सांगायला तोंड उघडलं. आकडा काही आला नाही. पोरगी कडेवर असल्यासारखी लागतच नव्हती.

"कळलं?" इस्त्रीवालीने विचारलं.

"कळलं गं बाई," मावशी म्हणाली, आणि एका हाताने पाकीट फोडायला लागली.