खोड विचारणारे उखाआबा

उखाआबा कुठल्याही वस्तूची किंमत विचारायच्या आधी तिची खोड विचारत. बैल असो, चप्पल असो, नाहीतर सोयरीक. माझं लग्न ठरायचं होतं तेव्हा माझ्या वडिलांनी सोनगीरच्या बाजारात त्यांना गाठलं आणि विचारलं, तुमच्या गावचा मुलगा कसा आहे. आबा एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. खोड एकच. बोलस नही. दोन सवाल इचारा तं एकनंच उत्तर देस." वडील घरी येऊन म्हणाले, जो माणूस खोड सांगतो त्याचं बाकीचं खरं असणार. त्या एका वाक्यावर मला दिली. आमचे हे अजूनही एकाच प्रश्नाचं उत्तर देतात, त्यामुळे तक्रार करायला मला जागाच राहिली नाही.

आबा आमचे कोणी नात्यातले नव्हते. आमच्या गल्लीत शेवटचं घर त्यांचं. बैल पारखणं हे त्यांचं काम. कोणाला बैल घ्यायचा असला की आबांना सोबत न्यायचं. दात बघायचे, खूर बघायचे, वशिंडावर हात फिरवायचा आणि मग मालकाला विचारायचं, "खोड काय शे?" मालक म्हणाला, बसतो, मारतो, पाण्यात उतरत नाही, तर आबा पुढे बोलत. मालक म्हणाला, "काही खोड नाही," की आबा धोतर झटकून उठत. "ज्याले खोड नही असं जनावर मी आजपावत देखं नही," म्हणत आणि चालायला लागत. सौदा बोलून होत नसे. उपरण्याखाली हात घालून बोटांनी व्हायचा. पण नव्वदच्या पुढे गावात ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले आणि आबांना बोलावणारेही कमी झाले. गुडघे तर आधीच गेले होते. दिसेल त्या ओट्यावर बसायचे. बायका म्हणायच्या, आबांना बसायला निमित्त लागत नाही, ओटा लागतो.

त्याच सुमाराला ह्यांचा मणका दुखावला. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. बैलजोडी विकावी लागली. वर्षाच्या बोलीवर सालदार मिळेना, जो तो सुरतेला. ह्यांनी कुणाचा तरी वापरलेला लहान ट्रॅक्टर आणला. माझे धाकटे दीर बघायला आले आणि म्हणाले, "वहिनी, याला पाळण्यात घाला, झोका द्या. शेत याच्याकडून होणार नाही. आखाजीपर्यंत जमीन तयार झाली तर ठीक, नाहीतर मला बटाईने द्या." आमच्याकडे सालदार असो की बटाई, वर्ष आखाजीलाच, म्हणजे अक्षय्य तृतीयेलाच, ठरतं. दीर वाईट नव्हते. पण बटाईने, पिकाच्या वाट्यावर, दिलेल्या शेतात आपण पाहुण्यासारखे जातो, बांधावर उभे राहतो आणि परत येतो. हे त्या दिवशी जेवले नाहीत.

नांगरट दुसऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरने करून घेतली होती. पण ती ढेकळं फोडायची कोणी आणि कपाशीची धसकटं काढायची कोणी? त्यासाठी रोटाव्हेटर हवा. तोही लहान ट्रॅक्टरला ओढवेल असा आणि आमच्या ऐपतीतला. ह्यांना एसटीत बसवत नव्हतं. म्हणून मी निघाले, आणि सोबत आबांना नेलं. आबा म्हणाले, "माले यंत्रमधलं काही समजस नही व माय." मी म्हटलं, "मला तरी कुठे कळतं? चला."

आधी जळगाव केलं. उन्हाने डांबर मऊ झालं होतं. दुकानात रंगवलेले रोटाव्हेटर रांगेत. आबांनी एकाच्या पात्यांना बोटं लावली, जणू दातच बघतायत. मला म्हणाले, "हाडं भरेल शेतस," म्हणजे हाडापेराने भक्कम. विकणाऱ्या मुलाला विचारलं, "याची खोड?" तो म्हणाला, "आबा, एक नंबर माल. कुठल्याही ट्रॅक्टरला, कुठल्याही रानात." आबा उठले. मी म्हटलं, अहो, चांगला होता की. "कोठेबी चालस म्हने," आबा पुटपुटले, "मंग त्याले कोनी घरमा ठेवं कसं नही?"

दुसऱ्या दुकानात आबांनी सवयीने उपरणं पसरलं आणि विकणाऱ्याचा हात खाली ओढून बोटं दाबली. त्या शर्ट-पँटवाल्याने हात असा हिसकावला की टेबलावरचा चहा सांडला. "ओ बाबा, हे काय करता?" मला हसू आवरेना आणि रडूही येत होतं. परतीच्या गाडीत आबा खिडकीला डोकं टेकून म्हणाले, "थकनी का व?" मी म्हटलं, "नाही." ते म्हणाले, "मी थकनू."

मग धुळ्याला गेलो, दोन वेळा. सगळीकडे तेच. खोड नाही. आखाजी जवळ येत होती, आणि माझा धीर सुटला होता. मी म्हटलं, "आबा, आता जो दिसेल तो घेऊ." ते पुढे चालत राहिले. धुळ्याच्या बाहेर पत्र्याची एक शेड होती, तिथेच रोटाव्हेटर बनवत. मालक बाहेर गेला होता आणि त्याची बायको खुर्चीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती. आबा उंबऱ्यावरच बसले. तिने पाणी दिलं. आमचा ट्रॅक्टर लहान आहे, हे मी सांगितलं. आबांनी विचारलं, "खोड काय शे?"

ती बाई वैतागून म्हणाली, "आधीच सांगते, नंतर येऊन माझ्याशी भांडू नका. रोज एक जण येतो भांडायला. हा साखळीवर चालतो, म्हणून स्वस्त. दगडात घातला की साखळी तुटते. काळ्या रानात ओल असताना घातला तर चिखल पात्यांना गुंडाळतो. साखळीच्या डब्यातलं तेल संपलं की कामातून गेला. आणि तुमचा ट्रॅक्टर लहान, म्हणजे हा लहानच न्यावा लागेल. एका फेरीत ढेकळं फुटायची नाहीत, दोनदा फिरवा."

आबा तिच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "हाऊच ली ल्या." मी म्हटलं, "इतक्या खोडी ऐकूनही?" ते म्हणाले, "त्यामुळेच. आते आपले माहीत शे काय काय करानं नही."

आमचा वरचा पट्टा दगडांचा. म्हणून आधी दगड वेचले. मी वेचत होते. हे वाकू शकत नसल्यामुळे कुठे राहिलेत ते काठीने दाखवत होते. आबांना उभं राहवत नव्हतं, ते बसल्या बसल्या पुढे सरकत दगड बाजूला टाकत. धोतराची मागची बाजू पार फाटली. पाठीचा नुसता भुगा व्हायचा. एकदा मी दगडावरच बसून राहिले, उठेनाच. आबा म्हणाले, "बस. पट्टा कोठे जास?" आणि तेही थांबले. मग परत लागलो.

त्या वर्षी मी आखाजीला माहेरी गेले नाही. दीर आले, आमरस जेवले आणि रानात जाऊन आले. मी ट्रॅक्टरने दोनदा फिरवलेली माती त्यांच्या हातात होती, बोटांतून गळत होती. म्हणाले, "बरं वहिनी. मी दुसरं रान बघतो."

ही गोष्ट पसरली. लोक परत आबांना सोबत नेऊ लागले, या वेळी यंत्रं घ्यायला. आबा काही दिवस खुशीत होते. पण दुकानदारही शिकले. आबा दिसले की आधीच म्हणायचे, "आबा, खोड एकच बघा, रंग लवकर जातो." आबांनी एकदोनदा ऐकून घेतलं आणि मग जाणंच सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आते खोड बी दुकानमाच तयार व्हस." त्यानंतर कोणी बोलवायला आलं की गुडघा दाखवत.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेले. ऐन पेरणीच्या तोंडावरचे दिवस. खाटेवर ते इतकेसे झाले होते. सून म्हणाली, ओळखत नाहीत कोणाला. मी उशाशी बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"तुमनी जमीन कोन करस?"

"आम्हीच करतो, आबा."

"दीर नही?"

"नाही. आम्हीच."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले, म्हणून तशीच बसून राहिले. तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "मंग आठे काय बठनी? जाय, काम पडेल व्हई."

खरंच काम पडलं होतं. मी उठले.