फोनवर चालवलेलं घर

समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, रात्री निजल्या जागी गाज ऐकू येते, असं मी फोनवर लोकांना छातीठोकपणे सांगायचे. मी स्वतः बसलेली असायची कोन गावात, कल्याण-भिवंडी रस्त्याला लागून असलेल्या आमच्या घरात, आणि मला ऐकू यायचे ते ट्रेलरचे हॉर्न. पलीकडच्या बाईला वाटायचं, मालकीणबाई नारळाखाली उभ्या राहून बोलताहेत. मीही तो गैरसमज काढायच्या भानगडीत पडत नसे. एकदा हॉर्न फारच मोठा वाजला तेव्हा एकीनं विचारलं, "तिथे एवढी ट्रॅफिक असते का हो?" मी म्हणाले, "नाही हो, टीव्ही चालू आहे." गिऱ्हाइकांशी मी शुद्ध बोलायचे. तोंडात आलेलं 'न्हाय' गिळून 'नाही' म्हणायला पहिले काही महिने कष्ट पडले, मग जमलं.

ते घर नागावला. अलिबागच्या पुढे, नारळ-सुपारीच्या वाडीत, कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर. आमची भातशेती गोदामांखाली गेली तेव्हा घेतलेलं. त्या पैशांत भावकीत कुणी गाड्या घेतल्या, कुणी शर्यतीत बैल पळवले, कुणी पोरींच्या हळदीला बॅन्जो लावून गाव जागं ठेवलं. माझ्या मिस्टरांनी कुणाला न विचारता हे घर घेतलं आणि मग मला दाखवायला नेलं. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, "आपल्या दारातलं खारीचं पानी काय कमी हाय, म्हनून समुद्रावर घर घ्यायचं?"

ते म्हणाले, "पोरगा हितं येनार न्हाय. तिथं तरी येल."

मुलगा बंगलोरला, कॉम्प्युटरच्या नोकरीत. सून पुण्याची. लोक अशा वेळी सुनेला नावं ठेवतात, मी ठेवणार नाही. आमच्याकडची हवाच तशी झाली होती. सकाळी ओट्यावर फडकं मारावं आणि दुपारी त्यावर बोटानं नाव लिहावं. नातू बाळ असताना चार दिवस आला आणि त्याची छाती भरली ती परत जाईपर्यंत. त्यानंतर ती मंडळी आली ती लग्नकार्यापुरती, सकाळी येऊन संध्याकाळी ठाण्याच्या हॉटेलात परत. मिस्टरांनी हे सगळं बघून नागावचं घर घेतलं होतं. खेकडा हवा तर त्याच्या आवडीचं आमिष लावावं लागतं, हे खाडीकाठच्या माणसाला शिकवावं लागत नाही.

घर घेतल्यावर पुढच्याच वर्षी ते गेले. खुर्चीत बसल्या जागी. तोवर एकदाही आम्ही सगळे मिळून तिथे राहिलो नव्हतो.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "आई, नागावचं विकून टाकू. एवढ्या लांबचं कोण बघणार?" मी म्हणाले, बघू. आमच्यात 'बघू' म्हणजे नाही, हे त्याला माहीत होतं, पण तो दुःखात होता, त्यानं विषय सोडला. मला कळत होतं की घर रिकामं ठेवलं की वाळवी लागणार आणि वाळवी लागली की पोराच्या हातात मुद्दा लागणार. ते घर मला ठेवायचंच होतं. एकदा तरी माझी तीन माणसं आणि मी, एका पडवीत, चार दिवस. यापलीकडे माझी काही मागणी नव्हती. तोवर घरानं आपला खर्च आपण काढावा, म्हणून मी ते सुट्टीला येणाऱ्यांना द्यायला लागले. मुलानंच घराचे फोटो इंटरनेटवर टाकून खाली माझा मोबाइल नंबर दिला. तेवढं त्यानं मन लावून केलं.

आणि फोन सुरू झाले. एसी आहे का? वेज किचन वेगळं आहे का? कुत्रा चालेल का? समुद्रात भरती कधी असते? एकानं विचारलं, "समुद्र स्वच्छ आहे ना?" मी म्हटलं, "सकाळीच पुसलाय." तो हसला नाही, पण आला. नागावची शेजारीण किल्ली ठेवायची, झाडलोट करायची, पाहुण्यांना जेवण करून द्यायची. बाकी सगळं मी फोनवर. मोटर कशी लावायची, गीझरचं बटण कुठल्या दाराआड आहे, फ्यूज गेला तर कुठल्या कोनाड्यात तार ठेवली आहे. एका हातानं कालवण ढवळत मी कुणातरी दादरच्या माणसाला अंधारात मीटरपर्यंत चालवत न्यायचे. "आता डावीकडे वळा. खुंटीला छत्री असेल. तिच्या वर हात घाला." तो म्हणायचा, "सापडलं." मलाच मेलीला उजेड पडल्यासारखं वाटायचं, आणि आमच्याकडे नेमकं तेव्हा लोडशेडिंग असायचं.

चादरी मी भिवंडीच्या बाजारातून घ्यायचे. आमच्याकडे लूमचा आवाज झोपू देत नाही, तर निदान त्यावर विणलेल्या कापडावर कुणीतरी झोपावं, असा माझा विचार. दुकानदार विचारायचा, "काकी, लॉज खोला है क्या?" मी म्हणायचे, "नहीं रे बाबा, घर है." चादरींचा गठ्ठा दापोड्याच्या गोदामांवरून अलिबागकडे जाणाऱ्या टेम्पोत टाकून द्यायचे.

मला एकटं वाटायचं. आमच्यात कुणी बाई असं बोलत नाही. ती 'डोकं दुखतंय' म्हणते आणि कपाळाला सुंठ लावून भिंतीकडे तोंड करून निजते. भावकी भरलेली होती, पण पैसा आल्यावर सगळ्यांची घरं बंगले झाली आणि पुढची दारं बंद राहायला लागली. पूर्वी मीठ मागायला जाता यायचं. आता बेल वाजवली की आधी कुत्रा भुंकायचा. जाऊबाई ठाण्याला फ्लॅटमध्ये गेल्या. तेव्हा खरं सांगायचं तर दिवसभरात माझ्याशी बोलायचे ते नागावला उतरलेले लोक. शुक्रवारी संध्याकाळपासून रविवार दुपारपर्यंत मला बोलायला तोंड पुरत नसे. सोमवारी फोन ओट्यावर मुका पडलेला असायचा. मी मधूनच उचलून बघायचे, रेंज आहे ना.

त्यात पोरं फार गोड. विहिरीत एक कासव होतं. ते वर आलं नाही की पोरं आईबापांच्या फोनवरून मला फोन लावायची. "आजी, कासव येतच नाहीये."

"चुरमुरे टाक. आणि गप्प उभा राहा. तू ओरडतोस म्हणून ते येत नाही."

मग फोन चालूच. पोराचा श्वास ऐकू यायचा, रहाटाची कुरकूर, लांबून कुणीतरी चहाला हाक मारायचं. मी कोनच्या स्वयंपाकघरात फोन कानाला लावून तशीच उभी. "आलं, आजी, आलं." की फोन बंद. माझा नातू रविवारी फोनवर यायचा. "हाय आजी, हाऊ आर यू?" मी म्हणायचे, "फाइन." त्यापुढे माझं इंग्रजी संपायचं आणि त्याचा धीर संपायचा. फोन सुनेकडे जायचा.

हंगामात मला माझ्या घरात जागा नसे. शनिवार-रविवार पाहुणे, मे महिन्यात रोजच पाहुणे. मी जायचे ती पावसाळ्यात. कल्याण, पनवेल, अलिबाग अशा एसट्या बदलत, कौलं कुठे गळतात ते बघायला. शेजारीण चहा द्यायची आणि कोण कोण येऊन गेलं ते सांगायची. माझ्या घरातल्या गमतीजमती मला दुसरीकडून कळायच्या. पावसात समुद्रही धड दिसत नसे, नुसता चिखलाच्या रंगाचा. संध्याकाळच्या गाडीनं मी परत.

मग एका वर्षी मुलगा आपणहून म्हणाला, "आई, मे महिन्यात येतो आम्ही नागावला. तूपण ये. चार दिवस राहू." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाला.

त्या दिवसांसाठी मी एकेकाला नाही म्हणत गेले. नेहमीचे लोकही दुखावले. "काकू, आम्ही दरवर्षी येतो." मी म्हणायचे, "या वेळी घरचे येणार आहेत." हे वाक्य म्हणायला मला इतकं बरं वाटायचं की नको तिथेही मी ते म्हणत असे. बसमधल्या बाईलासुद्धा सांगितलं. मी दोन दिवस आधी जाऊन गाद्यांना ऊन दाखवलं, नव्या चादरी घातल्या. शेजारणीनं जिताडा सांगून ठेवला होता, म्हणाली, "ताई, तुमच्या पोराला असा मासा बंगलोरला न्हाय मिलनार."

ज्या दिवशी ते यायचे होते त्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. ऑफिसमधलं काम अडलं होतं, परदेशातून कुणी साहेब येणार होते. त्याच्या आवाजात वाईट वाटणं होतं, ते खोटं नव्हतं. "पुढच्या वेळी नक्की, आई." मी म्हणाले, "असू दे. नोकरी आधी." आणि विचारलं, नाश्ता केलास का. आणखी काय विचारणार?

दुपारी पडवीत बसले होते. फाटकाशी गाडी थांबली. नवरा-बायको, मागे दोन पोरं, उन्हानं लाल झालेली. माणूस आत येऊन म्हणाला, "काकू, रूम मिळेल का? सगळीकडे फुल आहे."

माझ्या मागे खोल्यांची दारं सताड उघडी होती. चादरींच्या घड्यासुद्धा मोडल्या नव्हत्या. देऊन टाकायचं, हे धंद्याचं शहाणपण. पोरं आली असती, घर वाजतं झालं असतं. पण माझ्या तोंडून निघालं, "न्हाय. घर भरलंय."

त्यानं आत पाहिलं. मग उंबऱ्याशी पाहिलं, तिथे माझ्या एकटीच्या चपला. "कुणी दिसत नाही, म्हणून विचारलं."

"समुद्रावर गेलीत सगळी," मी म्हणाले.

तो बरं म्हणून गेला. गाडी वळेपर्यंत मी हसतमुख बसून राहिले आणि मग आत जाऊन रडले. नवरा गेला तेव्हाही मी अशी रडले नव्हते. तेव्हा रडायला सोबत होती. जिताडा संध्याकाळी मी आणि शेजारणीनं खाल्ला. ती काटे काढून माझ्या ताटात वाढत राहिली. चार दिवस ठरले होते, ते मी पुरे राहिले. कासवालासुद्धा माझ्यात काही रस नव्हता.

त्यानंतर पुन्हा फोन, पुन्हा पाहुणे. दिवाळी झाली. डिसेंबरच्या तोंडावर एका दुपारी मुलाचा फोन आला. कामाच्या दिवशी तो कधी करत नसे, म्हणून मी आधी विचारलं, सगळे बरे आहेत ना. पण तो खुशीत होता. "आई, नाताळच्या आठवड्यात नागाव कुणाला दिलंयस का?"

दिलं होतं. दादरच्याच माणसाला. मी म्हणाले, "न्हाय, मोकलं हाय."

"मग आम्हाला ठेव. सुट्टी मिळाली या वेळी."

मी पदरानं हात पुसले. इतक्या वर्षांची सवय अशी की तोंडातून आपोआप आलं, "किती माणसं?"

"आम्ही तिघं," तो म्हणाला. "आणि हिचे आई-बाबा. त्यांना समुद्र बघायचाय कधीचा. पाच."

मला वाटलं, तो मोजतोय अजून.

"पाच गाद्या होतील ना?"

"होतील."

"तू नको हं दगदग करूस. एसट्या बदलत कुठे येतेस एवढ्या लांब. फोनवरून सगळं करतेसच ना तू, छान." हे तो मायेनं म्हणाला. माझा मुलगा वाईट नाही, हे मी पुन्हा सांगते. मग मी त्याला गीझरचं बटण कुठल्या दाराआड आहे ते सांगितलं, मोटर अर्ध्या तासात बंद करायची ते सांगितलं, आणि तो प्रत्येक वेळी "ओके" म्हणाला.

त्यानं फोन ठेवल्यावर मी दादरच्या माणसाला फोन करून त्याची माफी मागितली. मग नागावला लावला. शेजारणीला म्हणाले, "नाताळात पाच जन येनार हाईत. म्हातारा-म्हातारीला आतली खोली दे. ल्हान पोर हाय, त्याची गादी भिंतीकडं टाक, निजंत लोलतं ते." लोळतं की नाही मला ठाऊक नव्हतं. बापाचं आठवून म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. ओळखीच्या पाहुण्यांकडून ती आगाऊ पैसे मागत नसे, म्हणून नेहमी विचारायची, तसं तिनं विचारलं, "ताई, वलखीची हाईत का?"

बाहेर ट्रेलर मागे घेत होते. मी तो आवाज थांबायची वाट पाहिली.

"हां," मी म्हणाले, "वलखीची हाईत. चांगली मानसं हाईत."